आर्सेनिक: मीटर खिशात ठेवा आणि या चुका टाळा

"मॅडम, मीटरवर १८० आलंय. पाणी ओके ना?" सातपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत आठवड्याला एक तरी जण हे विचारतो. अहो, टीडीएस मीटरला क्षार किती ते कळतं, कोणते ते नाही. आर्सेनिक या विषाची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. त्याच्या पाचपट असलं तरी तुमचे १८० जागचे हलणार नाहीत. रंग, वास, चव, काही कळत नाही.

उकळू नका. वाफ उडते, आर्सेनिक पातेल्यातच राहतं.

नमुना कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणू नका. ॲसिड घातलेली बाटली आमच्याकडून न्या, पंप दहा मिनिटं चालू द्या, मग भरा. एवढाही धीर नसेल तर येऊच नका.

"नाशिकला कुठलं आर्सेनिक?" हे बरंचसं खरं. मोठा पट्टा गंगेच्या खोऱ्यात आहे; इथल्या बोअरचं आधी नायट्रेट बघा. पण माणसं खोरं सोडून इथं येतात, त्याचं काय?

अंबडचा एक कामगार कंपनीचं पाणी घेऊन आला होता. बाटली टेबलावर ठेवताना त्याचे तळहात दिसले: ज्वारीच्या दाण्याएवढ्या टणक गाठी. गळ्याखाली पावसाचे थेंब उडाल्यासारखे ठिपके. दोन्ही आर्सेनिकच्या खुणा. दोन वर्षं भेगांचं मलम चोळत होता. मूळचा बिहारमधल्या भोजपूरचा, वीस वर्षं गावच्या चापाकलचं, म्हणजे हापशाचं पाणी प्यायलेला. "अब तो डॅम का पानी पीता हूँ," म्हणाला.

इथंच सगळे फसतात. चिलीतल्या अँटोफगास्टा शहराला १९५८ ते १९७० आर्सेनिकचं पाणी मिळालं. पुढे शुद्धीकरण सुरू झालं, तरी फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कित्येक दशकं चढेच राहिले. लघवीची तपासणी नॉर्मल आली म्हणून हुरळू नका, ती फक्त गेल्या काही दिवसांचं सांगते. मी त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे पिटाळलं. एका गाठीत कर्करोगाची सुरुवात निघाली. वेळेत काढली, आता दर सहा महिन्यांनी दाखवतो.

छठला गावी जाताना त्यानं दोन बाटल्या मागून नेल्या. चापाकल ०.०९, शेजारची उघडी विहीर मर्यादेत. आई आता विहिरीचं पाणी आणते. ते मात्र जंतूंसाठी उकळायला सांगितलंय.