वाटाड्या घोडा घेण्यापूर्वी

अमेरिकेत राहणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीने कुत्र्याऐवजी छोटा घोडा वाटाड्या म्हणून घ्यायचे ठरवल्यास प्रथम स्वतःच्या घराचा विचार करावा. कामावर नसताना घोड्याला निवारा, मोकळे आवार, चारा आणि शक्यतो दुसऱ्या घोड्याची सोबत लागते. सदनिकेत राहणाऱ्याने हा नाद न केलेलाच बरा. मात्र ज्याला कुत्र्याची ॲलर्जी आहे, किंवा ज्याला आठ-दहा वर्षांनी निवृत्त होणाऱ्या कुत्र्याचा वियोग पुन्हा सोसवणार नाही, त्याच्यासाठी हा पर्याय खरोखर विचारात घेण्याजोगा आहे, कारण छोटा घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो.

निवड करताना खांद्यापर्यंतची उंची साधारण २४ ते ३४ इंच आणि वजन ७० ते १०० पौंड असावे. घोडा मुळातच बुजरा असल्यामुळे त्याला गर्दी, हॉर्न आणि गुळगुळीत फरशी यांची सवय हळूहळू लावावी. अडथळा टाळणे व पायरीपाशी थांबणे त्याला आलेच पाहिजे. पण खरी कसोटी पुढे आहे. समोरून वाहन येत असताना मालकाने ‘चल’ म्हटले, तरी त्याने जागचे हलता कामा नये. लीद-मूत्र इशाऱ्यावर बाहेरच करण्याची शिस्तही अनिवार्य आहे.

२०११ पासून लागू असलेल्या नियमांनुसार दुकाने व कार्यालये यांनी अशा घोड्याला शक्य तेथे प्रवेश द्यावा लागतो. विमान कंपन्यांवर मात्र असे बंधन नाही, म्हणून प्रवासापूर्वी चौकशी करावी.