जर्बेराच्या कुंडीत आधी हवा, मग खत

पावसाळ्याच्या तोंडावर दोन-तीन वर्षांचे जर्बेराचे जुने झुबके फोडून नव्या कुंड्यांत लावले जातात. त्यातले बरेचसे पहिल्याच झडीत कुजतात आणि दोष पावसावर जातो. खरी चूक त्याआधीच झालेली असते: निम्मे शेणखत, निम्मी बागेतली माती असे 'ताकदीचे' मिश्रण कुंडीत भरलेले असते. जर्बेराला खत नंतर, थेंबाथेंबाने देता येते. मुळांना लागणारी हवा मात्र लावणीनंतर वरून घालता येत नाही, म्हणून मिश्रण निवडताना पहिला प्रश्न हवेचा.

बागेतली चांगली भुसभुशीत मातीही कुंडीत गेली की चार-सहा पाण्यांत दबून बसते. जमिनीत जास्तीचे पाणी खोलवर ओढले जाते. कुंडीत तळाशी ते थांबते. तळाला विटांचे तुकडे किंवा खडी घालूनही हे टळत नाही. बारीक थर पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खालच्या भरड थरात उतरतच नाही, त्यामुळे चिंब भागाची जागा उलट वर सरकते आणि मुळांची जागा कमी होते. छिद्रांवर जाळीचा तुकडा ठेवला तरी पुरे.

मापाने (वजनाने नव्हे) ५ भाग कोकोपीट, ३ भाग परलाइट आणि २ भाग चाळलेले गांडूळखत घ्यावे. परलाइट (तापवून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) नसेल तर भाताचे कच्चे तूस भिजवून वापरावे. ते कुजताना थोडे नत्र ओढते, एवढे लक्षात असू द्या. तुसाची राख मात्र नको, तिने सामू (पीएच) वाढतो. वाळू घालायचीच असेल तर १ ते ३ मिमी दाण्याची. बारीक वाळू पोकळ्या भरून टाकते. १० लिटर मिश्रणाला ५० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळून ढीग ओलसर करून १० ते १५ दिवस झाकून ठेवावा. कच्ची पेंड मुळांशी तापते, म्हणून ही घाई करू नये. २५ सेंमी रुंद आणि तितक्याच खोल कुंडीला ८ ते १० लिटर मिश्रण लागते. उथळ कुंडी टाळावी. मिश्रण तेच असले तरी उथळ कुंडीत ओल्या भागाचे प्रमाण जास्त राहते.

गांडूळखत २ भागांच्या वर नेऊ नका, यामागे कारण आहे. सेंद्रिय खत कुंडीतही कुजत राहते, मिश्रण खचते आणि रोप त्याच्यासोबत खाली बसते. क्राउन, म्हणजे पाने जिथून फुटतात तो गड्ड्यासारखा भाग, मिश्रणाखाली गेला की फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची कूज लागायला वेळ लागत नाही. लावताना क्राउन १ ते २ सेंमी वर ठेवावा. त्याआधी भरलेल्या कुंडीला दोनदा भरपूर पाणी देऊन मिश्रण बसू द्यावे. पुढे भर घालतानाही ती कडेने घालावी.

कोकोपीट सरळ पोत्यातून काढून वापरू नये. त्यात सोडियम आणि पोटॅशियम असते, कॅल्शियम मात्र नगण्य. ५ किलोची वीट फुगवून गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावी, मग १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवलेल्या पाण्यात २४ तास भिजवून पुन्हा निथळून घ्यावी. ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारे उपकरण) असेल तर १ भाग कोकोपीट ५ भाग पाण्यात कालवून मोजावे, आकडा ०.५ डेसीसायमन प्रति मीटरच्या खाली हवा.

तयार मिश्रणाची पिशवी घेतली तरी दोन चाचण्या कराव्यात. मूठभर ओलसर मिश्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर खत कच्चे आहे. दुसरी चाचणी हवेची. १ लिटरच्या डब्याच्या तळाला छिद्रे पाडून ती चिकटपट्टीने बंद करा, मिश्रण भरा आणि पृष्ठभागावर पाणी चमकेपर्यंत हळूहळू पाणी घाला. तासाभराने कमी झालेले पाणी भरून घ्या. मग पट्टी काढून निथळलेले पाणी मोजा. १५० ते २०० मिली आले तर उत्तम. १०० च्या खाली असेल तर परलाइट वाढवा. ३०० च्या वर गेले तर मिश्रण लवकर वाळेल, थोडे कोकोपीट घाला. आमच्या मते पिशवीवरच्या कुठल्याही वर्णनापेक्षा हा एक आकडा जास्त उपयोगी आहे.

सामू ५.५ ते ६.५ ठेवावा. त्यापुढे गेला की लोह मुळांना मिळेनासे होते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी युरियाची मात्रा वाढवून काही साधत नाही. चुनखडीयुक्त जड पाणी दिले जात असेल तर सामू हळूहळू चढतच राहतो, म्हणून पाणीही तपासावे. ६.५ च्या वर ईडीटीए चिलेट (लोह विरघळलेले ठेवणारे संयुग) फारसे टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचे लोह चिलेट वापरावे. जुनी पाने सरसकट पिवळी होत असतील तर ती नत्राची कमतरता. कडा करपल्या तर क्षार साचले आहेत. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी हळूहळू सोडून धुवून काढावेत.

मिश्रण ओले असूनही रोप दुपारी मान टाकत असेल तर पाणी देऊ नका. रोप हलकेच उपसून मुळे बघा. तपकिरी, मऊ आणि साल निसटणारी मुळे कापून टाका, उरलेला भाग नव्या कोरड्यासर मिश्रणात लावा आणि कुंडी पावसाच्या थेट माऱ्यातून आडोशाला घ्या. जुने मिश्रण दुसऱ्या जर्बेराला पुन्हा वापरू नये.