बटरफ्लाय मिल्कवीड बियांपासून वाढवताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या प्रेअरीतलं, म्हणजे गवताळ माळरानातलं, केशरी फुलांचं बटरफ्लाय मिल्कवीड हे आपल्या रुईच्याच कुळातलं. शेंग उकलली की तशाच म्हाताऱ्या उडतात. पण रुईसारखं कुठेही उगवेल म्हणून बी टाकून मोकळे झालात, तर वाफा रिकामाच राहील.

सगळ्यात जास्त बी वाया जातं ते पाकिटातून थेट कुंडीत पेरल्यामुळे. या बियांना आधी हिवाळा लागतो, आणि नुसती थंडी पुरत नाही, ओलही हवी. कोरडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवून उपयोग नाही. वाळू अशी भिजवा की मुठीत गोळा धरेल, पण बोटांतून पाणी गळणार नाही. त्यात बी कालवा, पिशवीत भरा आणि महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. त्यापेक्षा मला आवडतो तो सोपा मार्ग: नोव्हेंबरमध्ये सरळ जमिनीत पेरायचं, पुढचं काम बर्फ करतो. बी पाव इंचाहून खोल नको.

रोप आल्यावर लाड नकोत. याला ऊन आणि निचऱ्याची, वाळूमिश्रित जमीन आवडते. चिकट मातीत पाणी साचलं की मूळ कुजतं. खताची गरज नाही.

पहिल्या वर्षी वर जेमतेम वीतभर रोप दिसतं, कारण सगळा जोर सोटमुळात जातो. म्हणून जागा आधीच नीट ठरवा, मागाहून हलवू नका. फुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतात. वसंतातही हे सगळ्यांच्या मागून उठतं. एका मे महिन्यात मी रोप मेलं असं समजून जागा उकरली. खाली जाडजूड मूळ जिवंत होतं आणि माथ्यावरचा कोवळा कोंब माझ्याच खुरप्याने तुटला. अजून हळहळ वाटते. आता मी शरद ऋतूतच शेजारी काठी रोवून ठेवते.

उन्हाळ्यात शेंड्यांवर पिवळा मावा येतो, रुईवर येतो तोच. औषध मारू नका, त्याने मोनार्क फुलपाखराच्या अळ्याही मरतात. पानांखाली फुलपाखराची अंडी नाहीत ना ते पाहा आणि पाण्याच्या धारेने मावा धुऊन काढा.

तयार रोप घेणार असाल तर आणखी एक. मिल्कवीड म्हणून पुष्कळदा लाल-पिवळ्या फुलांचं, आपल्याकडचं हळदीकुंकू विकलं जातं. ते या प्रेअरीतलं नाही आणि इथल्या हिवाळ्यात टिकत नाही. पानाचं टोक खुडून बघा: पांढरा चीक आला तर ते बटरफ्लाय मिल्कवीड नव्हे.