रेकॉर्डच्या आतल्या पट्टीत काय कोरलंय ते बघा

१९७० च्या दशकातल्या एखाद्या छोट्या ब्रिटिश कंट्री म्युझिक लेबलचा, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा, माग काढायचाय? आधी रेकॉर्डच हातात घ्या. गाणं संपतं तिथपासून मधल्या कागदापर्यंतची गुळगुळीत पट्टी दिव्याखाली तिरकी धरा. तिथे कोरलेला मॅट्रिक्स नंबर (रेकॉर्डच्या त्या बाजूचा ओळख क्रमांक), दोन्ही बाजूंचा, जसाच्या तसा उतरवून घ्या आणि तोच डिस्कॉग्ज या रेकॉर्डांची यादी देणाऱ्या वेबसाइटवर शोधा. एकाच नावाची लेबलं बरीच निघतात, नंबर सहसा फसवत नाही. हाताने कोरलेलं ‘पॉर्की’ दिसलं तर ते कटिंग, म्हणजे छपाईसाठीच्या मूळ तबकडीवर आवाज कोरण्याचं काम, इंजिनिअर जॉर्ज पेकम यांचं! मग पाकिटामागचा पत्ता. कंपनीच्या नावापुढे ‘लिमिटेड’ असेल तर लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्राचे जुने अंक ऑनलाइन चाळा, फुकट आहेत; कंपनी गुंडाळल्याच्या सूचना तिथेच छापल्या जायच्या.