काशीत उतरायचं कुठे? आधी विचारा, गाडी कुठवर येते

यादी करायला बसलोय, कारण मागच्या वेळी यादी न करता गेलो होतो. सोबत आई, बहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. आणि मावशी, जिला आपल्याला काही होत नाही असं सांगायची खोड आहे. मी बुकिंग केलं ते दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत. कारण काय, तर पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट हा जुना मराठी वस्तीचा भाग. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली घरं, मराठी बोलणारे गुरुजी, नशीब असेल तर वरणभात. वर्णनात लिहिलं होतं, ‘घाटापासून दोन मिनिटं’. ते खरंच होतं. रस्त्यापासून किती, हे मी विचारलंच नाही.

बाबतपूरच्या विमानतळावरून टॅक्सी केली ती संध्याकाळी मैदागिनला येऊन थांबली. ‘बस, इसके आगे नहीं जाएगी.’ पुढे पाऊण-एक किलोमीटर गल्ल्या. फरशांच्या फटींत चाकाची बॅग दर चार पावलांवर अडकायची, एक चाक तिथेच तुटलं. एका वळणावर सांड आडवा उभा, गल्लीची रुंदी त्याच्याएवढीच. पाच मिनिटांनी एक शाळकरी पोरगा आला, ‘ए महादेव’ म्हणत त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि महादेव निघाले. आई एका पानवाल्याच्या स्टुलावर बसली ती उठेचना. मुक्कामाच्या घरात पोचल्यावर कळलं की खोली तिसऱ्या मजल्यावर आणि जिना जुन्या वाड्यातला, एकेक पायरी वीतभराहून उंच. तीन दिवसांत आई खाली किती वेळा उतरली? दोनदा. गंगा तिने गच्चीतून पाहिली.

तर पहिलं काम: गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून दारापर्यंत किती चालायचं, हे विचारा. नकाशावर ‘विश्वनाथ मंदिरापासून २०० मीटर’ दिसतं ते बघून हुरळू नका, ते कावळ्यासाठी असतं.

दुसरं, कशासाठी जाताय ते स्वतःशी नक्की करा. विश्वनाथाची पहाटेची मंगला आरती घ्यायची असेल तर ती ३ वाजता सुरू होते, म्हणजे अडीचच्या आत रांगेत. मग विश्वनाथ गल्ली, चौक, दशाश्वमेध हाच भाग हवा, दूर राहून भागायचं नाही. मंदिर आज उभं आहे ते अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास बांधलेलं. डिसेंबर २०२१ पासून कॉरिडॉर, म्हणजे मंदिर ते गंगा अशी मोकळी वाट, झाल्यामुळे ललिताघाटाकडून थेट वर येता येतं. पण त्या बाजूलाही पायऱ्या आहेतच. दशाश्वमेधाजवळ राहायचं तर गोदौलिया चौकापासून पुढे पायीच धरून चाला. संध्याकाळच्या गंगा आरतीला तिथे जी गर्दी उसळते तिच्यातून सामान घेऊन जायचा विचारही करू नका. दुपारी पोचा. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, देवदिवाळी या दिवसांत अडथळे आणखी अलीकडे येतात, त्यामुळे आधी सांगितलेलं अंतर त्या दिवशी चालत नाही. गाडी कुठपर्यंत येते हे तारखेसकट विचारा.

मणिकर्णिकेच्या आसपासच्या खोल्या स्वस्त मिळतात. का, ते कळेलच. चिता रात्रंदिवस पेटलेल्या असतात, धूर खिडकीतून आत येतो आणि गल्लीतून ‘राम नाम सत्य है’ करत लोक जात-येत असतात. काहींना त्याच्यासाठीच काशीला जायचं असतं. लहान मुलं बरोबर असतील तर मी तरी नको म्हणेन. हरिश्चंद्र घाटाशेजारीही तेच, थोडं कमी.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर सरळ अस्सी. घाटांच्या रांगेचं दक्षिण टोक, रस्ता घाटाच्या बराच जवळ येतो, ई-रिक्षा दारात नाही तरी दाराच्या हाकेवर. पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ची आरती तिथेच होते, गर्दी सोसवेल इतकी. संकटमोचन, दुर्गाकुंड, बनारस हिंदू विद्यापीठातलं विश्वनाथ मंदिर या सगळ्याला ई-रिक्षा मिळते. शेजारी भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान आहे, मराठी माणसाने ते चुकवू नये. विश्वनाथ इथून अडीच-तीन किलोमीटर लांब पडतो, हा तोटा मान्य. पण तीन किलोमीटर ई-रिक्षात बसून जाणं आणि एक किलोमीटर गल्लीत चालणं यांतलं काय सोपं, ते आईच्या गुडघ्यांना विचारा. आणि अस्सीतसुद्धा विचारा हो, गाडी कुठपर्यंत. अस्सीच्या नावाखाली भदैनीच्या आतल्या गल्लीतली खोली गळ्यात मारतात.

मधला केदारघाट, सोनारपुरा, बंगाली टोला हा भाग मला आवडतो. दाक्षिणात्य मठ, इडली-डोसा, गल्ल्या तुलनेने शांत. पाय धड असलेल्या दोघांसाठी उत्तम. सिगरा आणि कँट स्टेशनाकडे लिफ्ट, पार्किंग, पांढऱ्या चादरी सगळं मिळतं, पण घाट तीन ते पाच किलोमीटरवर आणि मध्ये वाहतूक. नुसतं झोपायला जागा हवी असेल तर घ्या. सारनाथला राहू नका, ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

त्रिपिंडी श्राद्धासाठी चालला असाल तर लक्षात घ्या, पिशाचमोचन कुंड घाटावर नाही, शहरात आत आहे. त्या कामासाठी घाटावर खोली घेऊन रोज ये-जा करणारे लोक मी पाहिले आहेत.

पावसाळा. जुलैअखेर ते सप्टेंबर गंगा चढते. बनारसला धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, पण पाणी तिथे पोचायच्या बरंच आधी एका घाटावरून दुसऱ्यावर जाणारी खालची वाट बुडते, नावा बंद होतात, आरती गच्चीवर जाते. म्हणजे ‘घाटाघाटाने चालत जाऊ’ हा तुमचा बेत संपला, सगळं येणं-जाणं मागच्या गल्ल्यांतून. मग पुन्हा तोच प्रश्न: दारापासून मागचा रस्ता किती लांब? पाणी ओसरल्यावरही पायऱ्यांवर गाळाचे थर असतात, ते काढायला वेळ लागतो. या दिवसांत घाटालगतची तळमजल्याची खोली घेऊ नये, हे सांगायची गरज नसावी.

जागा ठरली की फोन करा. संदेश नको, फोन. आणि असं विचारा: ‘टॅक्सी कहाँ रुकेगी? वहाँ से कितना पैदल? कितनी सीढ़ियाँ? कमरा कौन सी मंज़िल पर, लिफ्ट है?’ ‘बस पास में है’ हे उत्तर नाही. ‘पाँच मिनट’ हेही उत्तर नाही. ते त्यांच्या चालीने असतं आणि ते जन्मापासून या गल्ल्यांत चालतायत. जवळच्या चौकाचं, मंदिराचं, दुकानाचं नाव काढून घ्या, मग नकाशावर ती वाट बोटाने चालून बघा. न्यायला माणूस पाठवतील का हेही विचारा, बहुतेक पाठवतात. त्याला पैसे द्या.

बाकीचं भराभर. चाकाची बॅग नको, पाठीवरची घ्या. मंदिरात मोबाइल नेता येत नाही, तो ठेवायची सोय खोलीवर असेल तर बरं. माकडं आहेत, गॅलरीत कपडे वाळत घालू नका. थंडीत धुक्याने गाड्या आणि विमानं उशिरा येतात, म्हणून पहिल्या रात्रीची खोली रस्त्यालगत घेऊन दुसऱ्या दिवशी उजेडात आत गेलात तरी चालेल. औषधं, आधार कार्ड, सुटे पैसे, ते तुम्हाला कळतंच.

या नोव्हेंबरात आईला पुन्हा नेतोय. अस्सी, पहिला मजला, रस्त्यापासून चाळीस पावलं. मालकाने तीस सांगितली होती, मी त्याला व्हिडिओ काढून पाठवायला लावला.