दोरी ओढून खांदा दुखायला लागलेल्यांसाठी: पेट्रोलचं लॉन मूवर कसं सांभाळायचं

मृग लागला की आठवड्याभरात मला तीन-चार फोन ठरलेले, "मशीन चालूच होईना झालंय, जरा येऊन बघ की". मी काही मेकॅनिक नव्हे, बेळगावात टिळकवाडीत घरापुढं थोडं लॉन आहे, खानापूर रोडला एक प्लॉट आहे आणि हातानं ढकलायचं एकच पेट्रोल मशीन गेली काही वर्षं दोन्हीकडं चालवतोय, एवढंच. पण फोनवर मी पहिला प्रश्न एकच विचारतो, टाकीत पेट्रोल कधीचं आहे? उत्तर बहुतेक वेळा "दिवाळीच्या आधीचं असेल बघ".

तिथंच घोटाळा असतो. आपल्याकडं हे मशीन जून ते ऑक्टोबर राबतं आणि उरलेले सात महिने जिन्याखाली पडून असतं, आणि खराब होतं ते तिथंच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा? पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि कार्बोरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) जाणारी नळी तळातूनच निघते. शिवाय पेट्रोलातला पातळ भाग उडून जातो, मागं चिकट डिंकासारखं काहीतरी उरतं आणि ते जेटच्या, म्हणजे कार्बोरेटरात पेट्रोल सोडणाऱ्या तुकड्याच्या, केसाएवढ्या भोकात जाऊन बसतं. चोक दिल्यावर चालू होतं आणि चोक काढला की बंद पडतं, असं होत असेल तर डोळे झाकून समजा, जेट चोंदलाय.

जेट साफ करणं घरी जमतं. आधी प्लगची कॅप काढा, पेट्रोलचा कॉक बंद करा (कॉक नसेल तर नळी चिमट्यानं दाबून धरा), मग कार्बोरेटरच्या खालची वाटी एकाच बोल्टवर असते तो सोडा, खाली डबडं धरा. बऱ्याच मशीनमध्ये तो बोल्टच जेट असतो, त्याला आडवं बारीक भोक असतं ते उजेडाकडं धरून बघा. साफ करायला सुई किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं होतं आणि मग मशीन कायम काळा धूर सोडत बसतं. जुन्या वायरमधली तांब्याची एक तार घ्या, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, वाटीचा रबर नीट बसवा, झालं.

पण ही वेळच येऊ नये म्हणून पेट्रोल महिन्याभरात संपेल एवढंच आणा, प्लॅस्टिकच्या बाटलीत नको, लोखंडी कॅनमध्ये. आणि वर्षातली शेवटची कापणी झाली की टाकी रिकामी करून मशीन मोकळ्या जागेत आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. थंड झाल्यावर प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन ऑईल सोडा, दोरी हळूच दोनदा ओढा आणि प्लग परत लावा.

ऑईलवरनं आठवलं, ब्रश कटरची (खांद्याला अडकवून गवत कापायचं मशीन) सवय असलेले लोक मूवरच्या पेट्रोलमध्ये पण टूटी, म्हणजे टू स्ट्रोकचं, ऑईल मिसळतात. नको. बहुतेक मूवर फोर स्ट्रोक असतात, त्यांचं ऑईल वेगळं, एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३०, साधारण अर्धा लिटर, नेमकं किती ते पुस्तिकेत बघा. नवीन मशीन बऱ्याचदा ऑईल न भरताच येतं, पहिली दोरी ओढायच्या आधी डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) बघा. पहिलं ऑईल ५ तासांनी बदला, त्यात आतला धातूचा चुरा येतो, नंतर ५० तासांनी किंवा वर्षातनं एकदा.

पातं बघायला मशीन आडवं करताना एअर फिल्टरची बाजू नेहमी वर, नाहीतर ऑईल फिल्टरात जातं आणि मग पांढरा धूर बघून सगळी गल्ली गोळा होते. फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, ऑईलचे चार थेंब टाकून पिळा. कागदाचा असेल तर नुसता झटका, धुवायचा नाही.

गवताचे शेंडे कापल्यावर दोन दिवसांत पिवळट-तपकिरी दिसले तर पातं बोथट झालंय. प्लगची कॅप काढल्याशिवाय पात्याला हात लावू नका, नुसतं हातानं फिरवलं तरी इंजिन एक झटका मारू शकतं आणि बोटांना एकच पुरतो. कानस फक्त वरच्या बाजूनं, जो उतार आहे त्याच उतारात मारा, सुरीसारखी धार करायची नाही. मग भिंतीवरच्या खिळ्याला मधल्या भोकात अडकवून बघा, एक बाजू खाली गेली तर तिकडनं अजून थोडं घासा. बसवताना वळलेली टोकं वर, इंजिनकडं.

आता दगडाची गोष्ट. आपल्याकडं लॉनमध्ये सुद्धा जांभ्याचा तुकडा कधी डोकं वर काढेल सांगता येत नाही. माझ्या प्लॉटवर असाच एक लागला, धाडकन आवाज होऊन मशीन बंद, नंतर दोरी ओढली की हातातनं हिसकावून घ्यायचं. फ्लायव्हील (इंजिनवरचं जड चाक) आणि क्रँकशाफ्टच्या (पातं फिरवणारा दांडा) मध्ये एक छोटी चावी असते, टर्नर लोक तिला की म्हणतात (आपल्या बोलण्यातली की नव्हे), ती अर्धी कातरली होती, त्यामुळं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हललं. आता गावात उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत असल्यावर माणूस गप्प बसतो काय, मी तिथनं चांगली कडक स्टीलची की करून आणली, आयुष्यभराची म्हणून. पुढच्या दगडाला की तशीच राहिली आणि क्रँकशाफ्टची खाचच फाटली. ती की मऊ असते ती मुद्दाम, मोठं काही तुटायच्या आधी तिनं तुटावं म्हणून. त्यामुळं कंपनीचीच घ्या, एक जादा आणून ठेवा.

म्हणून कापायच्या आधी एकदा चालत फिरा, दगड, आंब्याच्या कोयी, पोरांचे बॉल उचला. गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त एका वेळी कापू नका, गुडघ्याएवढं वाढलं असेल तर पहिली फेरी सगळ्यात वरच्या सेटिंगला आणि दोन-तीन दिवसांनी दुसरी. ओलं कापू नका असं सगळेच सांगतात, पण जुलैत इथं आठ-आठ दिवस ऊनच नसतं, तर मी उघडीप बघून दुपारी चार वाजता काढतो, अर्ध्या पट्ट्यानं, हळू. झाल्यावर प्लगची कॅप काढून आतला गवताचा थर लाकडी काठीनं खरवडतो, वाळला की सिमेंट होतो तो आणि खालचा पत्रा गंजतो. उतारावर आडवं चालवायचं. चप्पल नको, बूट.

आणि ती हँडलची दांडी दोरीनं बांधून ठेवणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, सोडा ती. हात सुटला की पातं थांबावं म्हणूनच ती आहे, अमेरिकेत १९८२ पासून असं पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे असा नियमच आहे.

शहापूर-वडगावच्या विणकर मंडळींसाठी एक गंमत, पहिलं लॉन मूवर १८३० मध्ये इंग्लंडात एडविन बडिंगनं केलं ते कापड गिरणीतल्या, कापडावरचे वर आलेले धागे कातरायच्या मशीनवरनं. आपलं फिरत्या पात्याचं म्हणजे फार नंतरचं, पण मूळ कापडातच.

ठेवताना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो, जुनं पोतं टाका. आणि जूनमध्ये पहिल्यांदा दोरी ओढायच्या आधी वरचं कव्हर काढून आत बघा. गेल्या वर्षी दोरी जागची हलेना, मला वाटलं इंजिन जाम, कव्हर काढलं तर पंख्याच्या भोवती उंदराचं घर, माझ्याच परड्यातल्या वाळक्या गवताचं.