नंदी सजवताना कपड्यावर गोंद सांडला तर

तान्हा पोळा आला की नागपुरात घरोघरी लाकडी नंदीला टिकल्या, आरसे, गोटा चिकटवणं सुरू होतं आणि पोरांच्या कुर्त्यावर फेव्हिकॉल सांडतोच. ओला असेल तर चोळू नका, धाग्यांत आणखी मुरतो. चमच्याने उचला आणि कापड उलटं करून नळाची धार सोडा. वाळून पापुद्रा झाला असेल तर कोमट पाण्यात थोडी कपड्यांची पावडर टाकून अर्धा तास भिजवा. डाग पांढरा, लिबलिबीत झाला की नखाने सुटतो. नाही सुटला तर पुन्हा भिजवा. तोवर इस्त्री नकोच.

ग्लू गनचा गोंद पाण्याला दाद देत नाही. पिशवीत बर्फ घेऊन दहा मिनिटं दाबा, कडक झाला की तुकडा उचकटून काढा.

सगळ्यात चिवट फेविक्विक. ओलं असताना कापसाने टिपू नका. सुती धाग्याला लागून ते इतकं तापतं की चटका बसतो, धूरही निघू शकतो. पूर्ण वाळू द्या. मग ॲसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर आधी आतल्या शिवणीवर तपासा, रंग गेला नाही तरच डागावर टिपा. खिडकी उघडी, दिवा-गॅस लांब. ॲसिटेटच्या, म्हणजे रेशमासारख्या चकचकीत कृत्रिम कापडाच्या, अस्तराला मात्र थेंबही लावू नका, कापडच विरघळतं.